अल्बम स्लाइडचा, गणित पिक्सेलचे

पॉवरपॉइंटमध्ये साठ फोटोंचा अल्बम बनवायला पाच मिनिटे पुरतात. मग फाइल मेलला जोडायला जावे तर ती दोनशे एमबीच्या वर गेलेली असते. खापर सॉफ्टवेअरवर फुटते, पण घोळ असतो तो पिक्सेल (चित्र घडवणारे ठिपके) आणि इंचांच्या हिशेबात.

१६:९ आकाराची स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेल. तो स्लाइडच्या पूर्ण उंचीत बसवला की १० इंच रुंद होतो, म्हणजे दर इंचाला ४०० पिक्सेल. फुल एचडी पडद्याची उंची मात्र १०८० पिक्सेलच, म्हणजे स्लाइडच्या एका इंचाला १४४. पडद्यावर दिसतात १४४० गुणिले १०८०, साधारण साडेपंधरा लाख पिक्सेल. फाइलमध्ये असतात एक कोटी वीस लाख. आठातले सात भाग नुसते ओझे!

अल्बम करण्याआधी सगळे फोटो एका फोल्डरमध्ये घ्या आणि त्यांना ००१, ००२ अशी नावे द्या. पुढची शून्ये गाळू नका. नावांची अक्षरागणिक तुलना झाली तर १० हा २ च्या आधी येतो. दोन फोनमधले फोटो एकत्र केले असतील तर हे नामकरण टाळताच येत नाही, कारण प्रत्येक फोनची नावे देण्याची तऱ्हा निराळी.

विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये ‘इन्सर्ट’, ‘फोटो अल्बम’, ‘न्यू फोटो अल्बम’ असे जा. ‘फाइल/डिस्क’ बटणाने फोटो निवडले की त्यांची यादी दिसते. एखादा मागेपुढे करायचा तर त्याच्यासमोर टिक करून बाणाची बटणे वापरा. ‘पिक्चर लेआउट’मध्ये एका स्लाइडवर एक, दोन की चार फोटो हे ठरते. शेवटी ‘क्रिएट’. अल्बम नव्या प्रेझेंटेशनमध्ये तयार होतो. आधी उघडलेली फाइल तशीच राहते.

फोटोंखाली ओळी लिहायच्या असतील तर ‘फिट टू स्लाइड’ निवडू नका. त्या लेआउटमध्ये ओळीला जागाच नसते, म्हणून कॅप्शनचा पर्याय पुसट दिसतो. अनेक जण तो बिघाड समजून सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्यापर्यंत जातात. दुसरा लेआउट घेतला की पर्याय जिवंत होतो आणि फोटोखाली फाइलचे नाव येते. ते खोडून हवा तो मजकूर लिहायचा.

उभे फोटो जोडीने लावावेत. ३:४ चा उभा फोटो पूर्ण उंचीत बसवला तरी रुंदी जेमतेम ५.६ इंच भरते आणि निम्म्याहून जास्त स्लाइड रिकामी राहते. दोन शेजारी ठेवले तर सव्वाअकरा इंच होतात, मध्ये आणि कडेला बेताची मोकळी जागा उरते. अल्बमचा दोन फोटोंचा लेआउट त्यांना थोडे लहान ठेवतो. हाताने मोठे करताना कोपरा धरून ओढा. बाजूचा ठिपका ओढला की चेहरे फुगतात.

फोटो आडवा पडला तर गोंधळू नका. फोन अनेकदा पिक्सेल सेन्सरच्या क्रमानेच साठवतो आणि ‘दाखवताना ९० अंशांनी फिरव’ अशी नोंद फाइलमध्ये ठेवतो. ती नोंद न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो कलंडतो. अल्बमच्या खिडकीतच फिरवण्याची बटणे आहेत.

आता वजन उतरवू. कुठलाही एक फोटो निवडून ‘पिक्चर फॉरमॅट’मधले ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडा. ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’वर आधीच टिक असते, ती काढली नाही तर एकच फोटो हलका होतो आणि बाकीचे जैसे थे. १५० पीपीआय (दर इंचाला १५० पिक्सेल) निवडा, १४४ ची गरज त्यात भागते. कापलेले भाग काढून टाकण्याचा पर्यायही चालू ठेवा. क्रॉप केलेला भाग नुसता झाकलेला असतो. फाइल ज्याच्या हाती जाईल तो हा भाग पुन्हा उघडून पाहू शकतो. फोटोच्या कडेला कोणाचे कागदपत्र दिसत असेल तर हे फार महत्त्वाचे. मूळ फोटो मात्र वेगळे जपा, कारण फाइल जतन करून बंद केली की गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

सजावट सर्वांत शेवटी. नंतर ‘एडिट फोटो अल्बम’मध्ये जाऊन ‘अपडेट’ दाबले की स्लाइड नव्याने मांडल्या जातात आणि हाताने केलेले बदल पुसले जाऊ शकतात. एखादाच फोटो वाढवायचा असेल तर सरळ नवी स्लाइड घ्या.

पाहणाऱ्याकडे पॉवरपॉइंट असेलच असे नाही, म्हणून ‘एक्स्पोर्ट’मधून व्हिडिओ काढून ठेवावा. वेळ ठरवलेली नसेल तर प्रत्येक स्लाइड ५ सेकंद दिसते. साठ स्लाइडना पाच मिनिटे लागतात. कॅप्शन दोन ओळींची असेल तर ७ सेकंद द्या. आकार फुल एचडीच ठेवा. १५० पीपीआयवर आणलेल्या फोटोंचा फोरके (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा) व्हिडिओ केला तर अक्षरे तेवढी रेखीव होतात, फोटोत नवे काहीच दिसत नाही आणि उतरवलेले वजन पुन्हा चढते.