हस्तनिर्मित कार्डांवर लेसची डिजिटल चित्रे वापरताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे मिळणारी लेसची चित्रे ही खऱ्या लेसच्या पट्ट्या, कोपरे आणि गोल नक्ष्या गडद कागदावर पसरून स्कॅन केलेली आणि त्यांच्यामागची पार्श्वभूमी काळजीपूर्वक काढून टाकलेली असतात. लेसचे सौंदर्य दोऱ्यात जितके असते तितकेच दोऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत असते, आणि चित्र वापरताना होणाऱ्या बहुतेक चुका या मोकळ्या जागेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात. म्हणून कोणतीही फाईल उघडल्यावर या जाळीतून मागचे काय दिसणार आहे, हे सर्वप्रथम ठरवावे.

आमच्या फाईली पीएनजी स्वरूपात असतात, कारण या स्वरूपात चित्राचा भाग पारदर्शक ठेवता येतो. हीच फाईल जेपीजी म्हणून साठवली तर जाळीतली सर्व भोके एका सपाट रंगाने, सहसा पांढऱ्याने, भरली जातात आणि त्या प्रतीतून ती पुन्हा मोकळी करणे फार जिकिरीचे होते. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावी आणि कामासाठी नेहमी तिची प्रत वापरावी.

लाल किंवा निळ्या कार्डपेपरवर पांढरी लेस छापली, पण कागदावर काहीच उमटले नाही, अशी तक्रार आमच्याकडे सर्वाधिक येते. यात फाईलचा दोष नसतो. घरगुती रंगीत प्रिंटरमध्ये सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा शाया असतात. पांढरी शाई नसते. चित्रातला पांढरा भाग म्हणजे प्रिंटरच्या दृष्टीने कोरा सोडायचा कागद. त्यामुळे पांढरी लेस हवी असेल तर कागद पांढराच घ्यावा, संगणकावर लेसच्या खालच्या थरात हवा तो रंग किंवा नक्षी ठेवावी आणि दोन्ही एकत्र छापावे. मग रंग भोकांमध्ये आणि भोवती उमटतो, दोरे कागदाच्या पांढरेपणानेच दिसतात, आणि हा परिणाम आमच्या मते विकतच्या छापील लेसपेक्षाही नाजूक असतो. रंगीत कागदावरच छापायचे असल्यास लेसला कागदाहून बराच गडद रंग द्यावा. फिकट बदामी कागदावर गडद तपकिरी लेस उत्तम दिसते.

आकाराच्या बाबतीत इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण धरावे. या हिशेबाने १५ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीसाठी चित्राची लांबी सुमारे १,७७० पिक्सेल असावी लागते. याहून लहान चित्र ताणून मोठे केले तर दोऱ्यांच्या कडा धूसर होतात. चित्र फार लहान करण्याचा धोका मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या प्रमाणात एक पिक्सेल कागदावर मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढाच असतो. चित्र खूप आकसले की बारीक दोरे एकमेकांत मिसळतात आणि जाळीच्या जागी करडा पट्टा उरतो. अशा वेळी तीच लेस लहान करण्याऐवजी मुळातच सुटसुटीत नक्षीची लेस निवडावी.

पट्टी कार्डाच्या रुंदीला अपुरी पडत असेल तर ती केवळ लांबीच्या दिशेने ओढू नये, कारण गोल फुले लगेच अंडाकृती होतात. नक्षीचा एक पूर्ण फेरा जिथे संपतो तिथे पट्टी कापून दुसरी प्रत तिला जोडावी. कोपऱ्याचे स्वतंत्र चित्र नसल्यास दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जुळवाव्यात. सांधा नीट जमला नाही तर त्यावर एखादी फीत किंवा फूल बसवावे, हा मार्ग आम्हीही सर्रास वापरतो. लेसला सावली द्यायची असेल तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर ठेवावी, कारण जाड सावलीमुळे लेस पुठ्ठ्यातून कापल्यासारखी वाटते.

छपाईसाठी ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) साधा कागद शाईने आणि गोंदाने सुरकुततो. १६० ते २०० जीएसएमचा कार्डपेपर बरा, पण प्रिंटर किती जाडीचा कागद घेतो हे त्याच्या पुस्तिकेत आधी पाहावे. छापताना माप १०० टक्के ठेवावे. चित्र पानात बसवून घेण्याचा पर्याय सुरू राहिला तर मोजून केलेली पट्टी आखूड किंवा लांब निघते.

इंकजेटची अनेक प्रकारची शाई पाण्याने पसरते, म्हणून छपाई पूर्ण सुकू द्यावी आणि चिकटवण्यासाठी पातळ गोंदाऐवजी दुहेरी टेप वापरावी. कापताना प्रत्येक भोक कोरण्याचा अट्टहास करू नये. बाहेरची कंगोऱ्यांची कड नीट कापली की डोळा आतली जाळी आपोआप खरी मानतो. मोठी चार-सहा भोके कोरायचीच असतील तर ती बाहेरची कड कापण्यापूर्वी कोरावीत, म्हणजे कागद हातात घट्ट राहतो. कड कापताना लहान, टोकदार कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा.

या फाईलींपासून तयार केलेली कार्डे आपण भेट देऊ शकता किंवा विकू शकता. मूळ किंवा बदललेली फाईल इतरांना देणे अथवा विकणे याला मात्र आमची परवानगी नाही. गटाने काम करणाऱ्यांनी प्रत्येकी स्वतंत्र फाईल घ्यावी. एकाने छापलेली पाने कापण्यासाठी आपसांत वाटून घेण्यास आमची हरकत नाही.