अवघड इंग्लिश शब्दांच्या याद्या आल्या कुठून?

जीआरई (अमेरिकेत पुढचं शिकायला जाताना देतात ती परीक्षा) दिलेला कुणी ओळखीत असेल तर त्याला 'ए'चे शब्द विचारून बघा. अबेस, अबॅश, अबेट, अबेयन्स, धडाधड सांगेल. 'एम' किंवा 'आर'चं विचारलं की मात्र विषय बदलतो, कारण बॅरन्स गाइडमधली ती ३,५०० शब्दांची यादी जवळपास सगळ्यांनी पहिल्या पानापासून धरलेली असते आणि 'डी'पर्यंत येता येता दम संपतो. आता हे याद्या घोकायचं प्रकरण अमेरिकेने काढलं, नाहीतर क्लासवाल्यांनी काढलं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण हा उद्योग ४०० वर्षांहून जुना आहे, आणि तो सुरू झाला तेव्हा गिऱ्हाईक खुद्द इंग्रजच होते.

मुळात इंग्लिशमध्ये साधे शब्द आणि भारी शब्द असे दोन गट पडलेच का? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये, चर्च आणि विद्या लॅटिनमध्ये, इंग्लिश उरली शेतात आणि बाजारात. त्यामुळे एकाच अर्थाला तीन मजल्यांवर तीन शब्द राहायला आले. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. किंगली, रॉयल, रीगल. पहिला घरचा, दुसरा फ्रेंचकडून आलेला, तिसरा सरळ लॅटिनमधून उचललेला, आणि आपण 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी' म्हणून जे पाठ करतो ते बहुतेक तिसऱ्या मजल्यावरचं.

१३६२ मध्ये कोर्टात इंग्लिशमधून बाजू मांडता यावी म्हणून कायदा झाला आणि तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, हे मला फार आवडतं. वकिलांची लॅटिन काही लगेच सुटली नाही. कोर्टाच्या कागदपत्रांत फक्त इंग्लिशच वापरा असा कायदा लागू व्हायला १७३३ उजाडलं, तरी शब्द राहिलेच, आणि ते इंग्रजांबरोबर इकडे आले ते अजून गेलेले नाहीत. आपलं हायकोर्ट 'सुओ मोटो' दखल घेतं, प्रकरण 'सब ज्युडिस' असतं, कॉलेजात ॲड हॉक भरती होते, इंजिनिअरिंगची पोरं व्हायवा द्यायला जाताना थरथरतात (लॅटिन 'व्हिव्हा व्होचे', तोंडी परीक्षा, बस इतकंच), आणि इंग्लिश लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात आरएसव्हीपी छापलेलं असतं ते फ्रेंच. म्हणजे शब्दांच्या पुस्तकातलं 'फॉरेन वर्ड्स'चं चॅप्टर उघडायच्या आधीच त्यातलं थोडंफार आपल्या तोंडात असतं.

खरी धमाल सोळाव्या शतकात झाली. छापखाने आले, ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरं सुरू झाली, आणि लिहिणाऱ्यांनी लॅटिन शब्दांना इंग्लिश शेपटी लावून ढिगाने आत आणायला सुरुवात केली. लोक वैतागले. अशा शब्दांना 'इंकहॉर्न टर्म्स' म्हणायचे, इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत, थोडक्यात दौतीतून सांडलेले शब्द. १५५३ मध्ये थॉमस विल्सनने टिंगल म्हणून असल्या शब्दांनी खच्चून भरलेलं एक खोटं पत्र छापलं. आज ते वाचलं तर गंमत अशी वाटते की त्यातलं 'ॲड्ज्युव्हेट' (मदत करणं) मेलं पण 'सेलिब्रेट' आणि 'डेक्स्टेरिटी' मस्त जगले, आणि हे जगतील ते मरतील असा काही नियम त्यात सापडत नाही. दुसरे एक जॉन चीक, केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक, ते म्हणाले उसनवारी नकोच. त्यांनी बायबलचं भाषांतर करताना 'रेझरेक्शन'ला (मेल्यावर पुन्हा उठणं) 'गेनरायझिंग' आणि 'सेंच्युरियन'ला (शंभर शिपायांचा रोमन अधिकारी) 'हंड्रेडर' असे घरचे शब्द घडवले. आपल्याकडच्या भाषाशुद्धीवाल्यांची आठवण येते की नाही? फरक इतकाच की आपला 'महापौर' टिकला आणि चीकसाहेबांचा 'हंड्रेडर' कुणाला आठवतही नाही.

तर शब्द आत आले, पण ते कळणार कुणाला? मुलगे ग्रामर स्कूलमध्ये लॅटिन शिकायचे. मुलींना बहुतेक तिथे प्रवेशच नव्हता, व्यापारी-कारागिरांच्या घरातही लॅटिन नसायचं. नेमकं हेच गिऱ्हाईक रॉबर्ट कॉड्रीने हेरलं. हा आधी पाद्री, प्युरिटन (कडक धर्मसुधारणावाल्या) मतांपायी चर्चने काढून टाकलेला, शाळामास्तरकीही केलेला. १६०४ मध्ये त्याने साधारण अडीच हजार 'हार्ड वर्ड्स'ची वर्णानुक्रमे यादी छापली आणि मुखपृष्ठावरच सांगून टाकलं की ही बायकांसाठी आणि इतर 'अडाणी' माणसांसाठी आहे. फक्त इंग्लिशचा म्हणावा असा पहिला कोश हाच धरतात. त्यात कॅट, डॉग, ब्रेड काही नाही, कारण ते येतंच की सगळ्यांना. फ्रेंचवरून आलेल्या शब्दापुढे एक खूण, ग्रीक असेल तर कंसात 'जी', आणि लॅटिनला काहीच खूण नाही कारण बहुतेक माल तिथलाच. अर्थ एका ओळीत. 'अबॅश'चा अर्थ दिलाय 'ब्लश', संपलं. वर प्रस्तावनेत वाचकाला समजावलंय की शब्द 'ए'ने सुरू होत असेल तर सुरुवातीला बघा, 'व्ही'ने होत असेल तर शेवटाकडे बघा. वर्णानुक्रमाने शोधायची सवयच लोकांना नव्हती. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत उरलीय, ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत.

इडियम्सचं, म्हणजे वाक्प्रचारांचं, मात्र वेगळंच आहे. तिथे शब्द सगळे तळमजल्यावरचे, एकेक करून सगळे येतात आणि तरी अर्थ लागत नाही, लॅटिन येऊनही उपयोग शून्य. 'टेकन अबॅक' (चकित होणं) जहाजावरून आलं, समोरून वारा आला की शीड उलटं डोलकाठीवर दाबलं जायचं आणि जहाज जागीच अडायचं. 'बाय अँड लार्ज' (एकंदरीत) हेसुद्धा खलाशांचंच. 'द पॉवर्स दॅट बी' (सत्तेवर असलेले) विल्यम टिंडलच्या १५२६ च्या बायबलमधलं, आणि हे इंग्लिश बायबल चोरून इंग्लंडात न्यावं लागत होतं, टिंडलला पुढे १५३६ मध्ये मारलं. त्यामुळे मला तरी इडियम नुसत्या यादीतून पाठ करणं पटत नाही, मागचं चित्र कळलं की ते आपोआप बसतं.

अमेरिकेने यात पैसा आणला. जॉन्सन ओ'कॉनर नावाच्या माणसाने १९२२ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये कामगारांच्या चाचण्या घ्यायला सुरुवात केली आणि पुढे दावा केला की मोठ्या साहेबांची शब्दसंपत्ती दांडगी असते. शब्दांमुळे माणूस साहेब होतो की चांगली शाळा मिळालेल्याला दोन्ही मिळतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला. १९४५ पासून रीडर्स डायजेस्टमध्ये विल्फ्रेड फंकचं सदर सुरू झालं, त्याच्या नावातच होतं की शब्द वाढवले तर फायदा होतो. १९४९ मध्ये नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' आलं. त्याने यादी मोडून लॅटिन-ग्रीक मुळांवरून शब्दांची कुटुंबं लावली, आणि इथे मराठी माणसाचं थोडं फावतं, कारण संस्कृत आणि लॅटिन चुलतबहिणी, दंत-डेंटल, नाम-नॉमिनल, पद-पेडल हे आपल्याला फार शिकवावं लागत नाही. शिवाय पंडित, जगरनॉट, परायाह (बहिष्कृत माणूस) हे तर इकडूनच गेलेले आणि परत आपल्यालाच हार्ड वर्ड म्हणून विचारतात. जगरनॉट म्हणजे पुरीच्या जगन्नाथाचा रथ हो! मुंगुसाचं 'मंगूस' मराठीतून गेलं ते सोपं म्हणून यादीत येत नाही इतकंच.

अमेरिकेने स्वतः नंतर हात आखडता घेतला. सॅटमधून (तिकडची कॉलेज प्रवेशाची परीक्षा) ॲनॉलॉजी, म्हणजे शब्दजोड्यांमधलं नातं ओळखायचे प्रश्न, २००५ ला गेल्या, जीआरईमधून ॲन्टोनिम (विरुद्धार्थी शब्द) आणि ॲनॉलॉजी ऑगस्ट २०११ ला, आणि २०१६ पासून सॅटने अनवट शब्द सुटे विचारणं सोडून रोजच्या वापरातल्या शब्दांचा संदर्भाने अर्थ विचारायला सुरुवात केली. आपल्या एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) सीजीएल या नोकरभरतीच्या पेपरात मात्र इडियम्स आणि वन वर्ड सब्स्टिट्यूशन चालूच आहे, आणि पुण्यात पुस्तकांच्या अप्पा बळवंत चौकात नॉर्मन लुईस अजूनही मागाल तिथे मिळतो.