मिकानिया: झाडाचा उजेड तोडणारी वेल

झाडावर चढणारी प्रत्येक वेल झाडाचा रस शोषते, असा सर्वसाधारण समज आहे. अमरवेलीच्या बाबतीत तो खराही आहे. पण केरळ आणि आसामच्या जंगलांत व मळ्यांत बोकाळलेली मिकानिया मायक्रान्था झाडात मुळे खुपसत नाही, ती त्याचा उजेड तोडते. मूळच्या मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या या वेलीला उभे राहण्यासाठी स्वतःचे खोड जाड करावे लागत नाही. झाडाचा आधार आयता मिळत असल्याने वाचलेली सारी ताकद पानांकडे वळते आणि भर पावसात ती दिवसाला आठ-नऊ सेंटीमीटर वाढू शकते. शेंड्यावर पोचली की पानांची गोधडी पसरते. खालच्या पानांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते, भाराने फांद्या मोडतात आणि कोवळी रोपे तर तगतच नाहीत. नेपाळच्या चितवन राष्ट्रीय उद्यानात तिने गेंड्यांचा चाराही झाकून टाकला आहे.

कोयता घेऊन दिसेल तिथे छाटणे हा उपाय अनेकदा अंगाशी येतो, कारण तिच्या प्रत्येक पेरावर, जिथे पानांची जोडी फुटते तिथे, ओल्या मातीचा स्पर्श होताच मुळे फुटतात. पेर असलेला बोटभर तुकडाही नवी वेल उभी करतो. त्यामुळे मुळासकट उपटून तुकडे गोळा करणे आवश्यक ठरते आणि तेही फुलोऱ्यापूर्वी, कारण जेमतेम दोन मिलिमीटरचे तिचे बी पांढऱ्या केसांच्या झुबक्यावर वाऱ्याने दूर जाते. झाडावरचा भाग मात्र ओढू नये. बुंध्याशी तोडून तो वरच वाळू द्यावा. तणनाशकाचा फवारा आधाराच्या झाडालाही भोवतो, म्हणून जंगलात तो टाळलेलाच बरा.

वेलीला आवर घालण्यासाठी त्रिनिदादमधून आणलेली, केवळ मिकानियावर पोसणारी पक्सिनिया स्पेगाझिनी ही तांबेऱ्याची बुरशी 2005 मध्ये आसामात आणि 2006 मध्ये केरळात सोडण्यात आली. इथे ही बुरशी टिकली नाही. पापुआ न्यू गिनी आणि तैवानमध्ये मात्र चांगली रुजली.

दाट, सलग छत्राच्या जंगलात मिकानिया सहसा शिरत नाही. वृक्षतोड, रस्ते आणि ओसाड पडलेले मळे तिला उन्हाची वाट मोकळी करून देतात. म्हणूनच माझ्या मते उपटणीइतकेच महत्त्व त्यानंतरच्या लागवडीला द्यायला हवे: मोकळ्या झालेल्या जागी लवकर वाढणारी स्थानिक झाडे लावावीत आणि त्यांची सावली एकमेकींना भिडेपर्यंत दर पावसाळ्यात बुंध्याभोवतीचे नवे कोंब काढत राहावे.