काळ्या मातीत निसटणारी नाल

आषाढात इंदूरबाहेर सांवेर किंवा देपालपूरकडच्या रानात घोडा मोकळा सोडला की चार-सहा दिवसांत एखाद्या पायाची नाल गायब झालेली असते. दोष चिखलाला दिला जातो. पण हे अर्धंच खरं आहे. माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती भरपूर असते, ती पाणी पिऊन फुगते आणि खुराला लगद्यासारखी चिकटते. तरीही सहा-आठ खिळ्यांनी नीट ठोकलेली नाल नुसत्या चिखलाच्या ओढीनं सहसा सुटत नाही. बहुतेक वेळा पुढच्या पायाची नाल घोड्याचाच मागचा पाय उपटतो. चिखल त्याला फक्त संधी देतो.

दुडक्या चालीत पुढचा पाय जिथून उठतो, जवळजवळ तिथंच त्याच बाजूचा मागचा पाय येऊन पडतो. मध्ये अवधी असतो तो क्षणाच्या छोट्याशा अंशाचा. पुढच्या पायाला उठायला किंचित उशीर झाला, की मागच्या खुराचं टोक नालेच्या टाचेकडच्या भागावर पडतं. पुढचा पाय त्याच वेळी वर उचलला जात असतो, त्यामुळे नाल खालून दाबून धरलेली आणि खूर वर ओढलेला, अशा झटापटीत खिळे उपटून येतात. चिखलात रुतलेला पाय उशिरा निघतो, हाच चिखलाचा खरा दोष. उतारावर अचानक थांबताना, फाटकाशी गर्रकन वळताना किंवा दोन घोडे एकमेकांमागे उधळताना हेच घडतं.

उशीर होण्याचं दुसरं कारण खुरातच असतं. पाऊल उचलताना टाच आधी सुटते, मग खूर पुढच्या टोकावरून उलटून जमीन सोडतो. टोक जितकं लांब, तितका हा उलटा व्हायला वेळ जास्त. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणजे नाल मारून दोन महिने उलटले की टोक सव्वा ते दोन सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. खुराबरोबर नालही पुढे सरकते, टाचांखालचा आधार जातो, आणि खिळे ज्या भिंतीत (खुराच्या बाहेरच्या कठीण कवचात) बसलेत ती भिंत टाचेकडे नालेवर घासून झिजते. म्हणून साधारण ६ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून, पुन्हा मारायची. ‘अजून घट्टच आहे की’ म्हणून तीच नाल तीन महिने चालवणं ही सगळ्यात महाग पडणारी काटकसर. नाल घट्ट असली तरी खूर लांबलेलाच असतो.

आता नालबंदाच्या हातातल्या गोष्टी. खिळा खुराच्या भिंतीत, तळव्याच्या कडेनं फिरणाऱ्या पांढऱ्या रेषेच्या बाहेर जायला हवा. आत गेला तर जिवंत भागाला लागतो. खिळ्याच्या टोकाला एका बाजूनं उतार दिलेला असतो. ती बाजू आत ठेवली की खिळा वळत बाहेर येतो. तो खालच्या कडेपासून साधारण २ सेंटिमीटर उंचीवर, सगळ्या खिळ्यांच्या एकाच ओळीत बाहेर पडावा. फार खाली निघाला तर पकड थोड्याशा भिंतीची, आणि ती भिंत तुटते. ठोकताना आवाज टणक यावा. बोदा आवाज आला किंवा घोड्यानं पाय खेचला तर खिळा लगेच काढायचा. बाहेर आलेलं टोक पिरगळून तोडायचं आणि उरलेला छोटा चौकोनी भाग भिंतीवर वळवून दाबायचा. नालेची खरी पकड या वळवलेल्या टोकांत असते. ती बसवताना कानशीनं पातळ घासली, तर पहिल्याच झटक्याला सरळ होतात. खिळ्याचं डोकंही नालेच्या खाचेत पूर्ण बसलं पाहिजे. लहान खिळा हलतो, मोठा भिंत फाडतो. खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे खिळे नकोत, कारण दर पावलाला टाचा पसरतात आणि तिथले खिळे ती हालचाल अडवतात.

नाल मागे किती ठेवावी यावर नेहमी वाद होतो. टाचेमागे फार बाहेर आलेली नाल मागच्या पायाला आयतीच सापडते. म्हणून काही जण ती आखूडच कापतात. ही चूक आहे. आखूड नालेवर टाचांना आधार मिळत नाही, त्या दबतात, टोक आणखी पुढे पळतं, आणि पाऊल आणखी उशिरा उठू लागतं. नाल टाचांच्या शेवटापर्यंत पुरली पाहिजे. फक्त तिच्या मागच्या कडा कानशीनं तिरक्या उतरत्या घासाव्यात, म्हणजे मागचा खूर तिच्यावर पडला तरी घसरून जातो. पुढच्या नालेचं टोक गोलसर वळवून किंचित मागे बसवलं की पाऊल लवकर उलटतं. मागच्या पायांची टोकंही बोथट ठेवावीत.

पावसाळ्यात खुराची भिंतच मऊ पडते. खूर केसांसारख्याच केराटिनचा असतो. तो पाणी शोषतो, उन्हात सुकतो, पुन्हा भिजतो. या फुगण्या-आकसण्यात खिळ्यांची भोकं सैल होतात. त्यात गोमाशा आणि चिलटं. त्यांना हाकलायला घोडा दिवसभर पाय आपटतो आणि खिळे हळूहळू हलतात. वरातीच्या घोड्या रोज धुवायची सवय तर खुरांना फारच जाचक. खूर धुण्याऐवजी कोरून, कोरड्या ब्रशनं साफ करावा आणि दिवसातले काही तास घोडा कोरड्या जमिनीवर उभा ठेवावा. मुतानं ओला झालेला शेणाचा थर खुराला पाण्यापेक्षाही वाईट, त्यातला अमोनिया केराटिन कमकुवत करतो. वरून तेल चोपडून भिंत मजबूत होत नाही. मजबुती आतून येते, आणि सावकाश. केसांच्या कडेपासून नवा खूर टोकाशी पोहोचायला ९ ते १२ महिने लागतात. बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या घोड्याला दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम देतात, पण त्याचा परिणामही तेवढ्याच काळानं दिसतो. नुसत्या चणे-कोंड्यावर घोडा ठेवू नये. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या जवळपास दहापट फॉस्फरस असतो, आणि जास्तीचा फॉस्फरस कॅल्शियम अंगी लागू देत नाही.

कुरणात बहुतेक नाला दोनच ठिकाणी जातात: फाटकाशी आणि पाण्याच्या हौदापाशी. घोडे तिथं गर्दी करतात आणि जमीन तुडवून दलदल होते. तिथं आधी खडी आणि वर मुरूम असा थर टाकून पाणी बाजूला काढलं तर निम्मं काम झालं. तारेचं कुंपण असेल तर सर्वांत खालची तार काढा, नाल तिच्यात अडकते. पुढच्या पायांना घंटेच्या आकाराचे रबरी बूट घालता येतात. बूट मागून जवळजवळ जमिनीला टेकून नालेची टाच झाकणारा हवा आणि वर एक बोट जाईल इतका सैल. चिखलात तो रोज काढून धुवावा, नाहीतर कातडी सोलवटते.

रोज सकाळी खूर कोरताना वळवलेल्या टोकांवरून बोट फिरवा. एखादं टोक बोटाला टोचलं तर खिळा सैल होतो आहे. सिमेंटच्या रस्त्यावर नालेचा टणक टापांचा आवाज जाऊन खडखड येऊ लागली, तरी नालबंदाला बोलवायची वेळ झाली.

नाल अर्धवट निघून फिरलेली असेल तर घोडा एक पाऊलही चालवू नका, नालेचा खिळा तळव्यात घुसू शकतो. टोकं कानशीनं घासून मोकळी करा, मग सांडशीनं टाचेकडून एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं नाल उचला. सांडशीचा जोर खुराच्या टोकाकडे आणि आतल्या बाजूला. बाहेर पिरगळलं तर भिंतीचा तुकडा सोबत येतो. मग खूर साफ करून बाळाचं डायपर गुंडाळा आणि वरून रुंद चिकटपट्टी, म्हणजे भिंतीच्या कडा तुटत नाहीत. मधल्या रबरासारख्या त्रिकोणात (इथले नालबंद त्याला ‘पुतली’ म्हणतात) किंवा तळव्यात खिळा रुतलेला दिसला, तर घोडा शांत उभा ठेवता येत असेल तोवर तो उपटू नका. किती खोल आणि कोणत्या दिशेनं गेला, हे पशुवैद्याला एक्स-रेत पाहता येतं. घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो, त्यामुळे लस घेतलेली नसेल तर लगेच सांगा. हरवलेली नाल शोधलीच पाहिजे, कारण चिखलात वर तोंड करून पडलेले खिळे दुसऱ्या घोड्याच्या पायाची वाट पाहत असतात.

आणि एक गोष्ट इंदूरच्या घोडीवाल्यांनी खरंच करून पाहावी. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे सिमेंटवर नाचणं नाही. माळव्याची माती सर्वांत चिकट असते तीही याच काळात. घोडीला त्या महिन्यांत नाल हवी कशाला? आषाढी एकादशीनंतर चारही नाला काढाव्यात, भिंतीची कड कानशीनं गोल करावी म्हणजे ती चिरत नाही. पहिले दोन आठवडे जुन्या भोकांपर्यंत कपचे उडतील, त्याला घाबरू नये. दर चार-पाच आठवड्यांनी खूर तासून घ्यावा. खिळ्यांची भोकं २ सेंटिमीटर उंचीपर्यंत असतात आणि खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो, तेव्हा दोन ते सव्वातीन महिन्यांत ती सगळी तासून निघून जातात आणि नालबंदाला अखंड भिंत मिळते. तळवा फार पातळ असेल, पायाला जुना आजार असेल किंवा घोडा खडकाळ वाटेनं रोज चालणार असेल तर आधी पशुवैद्याला विचारावं. बाकीच्यांनी कार्तिकी एकादशीच्या आठ-दहा दिवस आधी नाल मारून घ्यावी. एखादा खिळा जिवंत भागाच्या जवळून गेला असेल तर लंगडणं पहिल्या वरातीआधीच लक्षात येतं आणि तो काढायला वेळ उरतो.