पर्यटनस्थळांवरची ड्रोनबंदी

राष्ट्रीय उद्यानं, जुन्या वास्तू, थीम पार्क, स्टेडियम अशा गर्दीच्या जागी हौशी लोकांच्या छोट्या कॅमेरा ड्रोनवर जी बंधनं असतात ती सगळी ड्रोनबंदीत येतात. यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच कारणाने, आकाशाचे नियम एक जण करतो आणि जमिनीचे दुसरा. किती उंच जायचं, विमानतळापासून किती लांब राहायचं हे विमान वाहतूक खातं ठरवतं, म्हणजे अमेरिकेत साधारण ४०० फूट आणि युरोपात १२० मीटर, पण जागा ज्यांच्या ताब्यात आहे ते तिथून टेकऑफ-लँडिंग करू द्यायचं की नाही हे वेगळं सांगू शकतात. त्यामुळे ड्रोनच्या ॲपमधला नकाशा मोकळा दिसतोय म्हणून गेटवरची पाटी खोटी ठरत नाही. २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनचंही तेच, बऱ्याच ठिकाणी त्यांना नोंदणीत सूट मिळते, जागेवरच्या बंदीतून सूट मिळत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने जून २०१४ मधे बंदी आणली तेव्हा आकाशाला हातच लावला नाही, पार्कच्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून ड्रोन उडवणं, उतरवणं आणि तिथे उभं राहून चालवणं एवढं बंद केलं. दंड ५,००० डॉलरपर्यंत आणि कैद ६ महिन्यांपर्यंत. त्याच वर्षी ऑगस्टमधे यलोस्टोनच्या ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग या गरम पाण्याच्या रंगीत कुंडात एका पर्यटकाचा ड्रोन पडला आणि दंड-भरपाई मिळून त्याला ३,००० डॉलरच्या वर भरावे लागले.

काही थीम पार्क आणि मोठ्या स्टेडियमवर मात्र खुद्द आकाशच बंद असतं. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कवर २००३ पासून ३ सागरी मैल त्रिज्येत ३,००० फुटांपर्यंत बंदी आहे, ती हौशी ड्रोन घरोघरी पोचायच्या आधी सुरक्षेसाठी आलेली. तिथेच ३०,००० किंवा जास्त सीटच्या स्टेडियमवर मोठ्या मॅचच्या १ तास आधीपासून संपल्यानंतर १ तासापर्यंत तेवढाच भाग बंद असतो.

गर्दीवर ड्रोन पडला तर पंख्यांनी चिरतं, लिथियम बॅटरी फुटली तर आग लागते, हे सगळ्यांना कळतं. पण बंदीचं सगळ्यात पटणारं कारण पक्षी आहेत असं मला वाटतं, कारण तिथे झालेलं नुकसान भरून काढताच येत नाही. कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका अभयारण्यात मे २०२१ मधे एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या विणीच्या जागेत कोसळला, तिथे ड्रोनला आधीपासूनच बंदी होती. हजारो पक्षी घाबरून उडाले ते परतलेच नाहीत आणि सुमारे १,५०० अंडी तशीच वाळूत पडून राहिली. जवळ जाऊन हात लावायचीही गरज नसते, वरून येणारी भिरभिरती वस्तू पक्ष्याला शिकारी वाटते.

जुन्या वास्तूंजवळ वेगळीच अडचण असते, उंच भिंतींमुळे जीपीएस तुटतं, लोखंडामुळे कंपास बिघडतो आणि ‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येण्याच्या सोयीची, उंची कमी ठेवली असेल तर परत येताना ड्रोन सरळ मनोऱ्यावर आपटू शकतो.

पूर्वी बऱ्याच ड्रोनचं सॉफ्टवेअरच बंद भागात उडू देत नसे, डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२५ मधे अमेरिकेत तो अडसर काढून नुसती सूचना ठेवली, म्हणजे आता नियम बघायचं काम पूर्ण उडवणाऱ्याचं. शूट खरंच महत्त्वाचं असेल तर जागेच्या व्यवस्थापनाकडे आधी लेखी परवानगी मागायची, अभ्यास, बचावकार्य किंवा चित्रीकरणासाठी काही ठिकाणी ती मिळते, नुसत्या हौसेसाठी क्वचितच.