अंड्याच्या कवचाचा आहेर

कालाहारी वाळवंटातले जुह्वान्सी लोक शहामृगाच्या अंड्याला वरून लहानसं भोक पाडतात आणि आतला बलक काढून घेतात. रिकाम्या कवचात पाणी साठवतात. ते कधीतरी फुटतंच, आणि मग तुकड्यांचे मणी होतात. बायका एकेका तुकड्याला भोक पाडतात, तुकडे दोरीत ओवतात आणि सगळी माळ दगडावर घासून गोल करतात. असे मणी आफ्रिकेत ५० हजार वर्षांपासून घडताहेत.

१९७०च्या दशकात पॉली विस्नर ही मानववंशशास्त्रज्ञ तिथे राहून या मण्यांच्या मागे लागली. तिच्या लक्षात आलं की अंगावरच्या बहुतेक माळा कुणीतरी दिलेल्या आहेत आणि पुढे कुणाला तरी जाणार आहेत. या देवाणघेवाणीला ते 'हक्सारो' म्हणतात. आपल्याकडे आहेराची वही असते, कुणी किती दिलं ते लिहून ठेवतात; इथे मात्र लगेच परतफेड करणं म्हणजे सौदा केल्यासारखं. परतीची भेट महिन्यांनी येते, कधी वर्षांनी. मधल्या काळात नातं जिवंत राहतं. भेटवस्तूपेक्षा ते नातंच मोलाचं, कारण आपल्या भागात दुष्काळ पडला तर दूरच्या हक्सारो-सोयऱ्याकडे जाऊन राहता येतं, तिथली कंदमुळं आणि पाणी वापरता येतं. विमाच म्हणा, फक्त हप्ता मण्यांचा.

ही पद्धत किती जुनी? नातं काही जमिनीत पुरलेलं सापडत नाही. मणी सापडतात.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या लेसोथो या छोट्या देशात, डोंगरांमध्ये मेलिकाने आणि सेहोंगहोंग नावाचे दोन शैलाश्रय आहेत. तिथल्या मण्यांमधलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य ब्रायन स्ट्यूअर्ट आणि सहकाऱ्यांनी तपासलं; २०२० साली ते प्रसिद्ध झालं. युक्ती अशी: रुबिडियम या दुसऱ्या मूलद्रव्याच्या किरणोत्सारी ऱ्हासातून स्ट्रॉन्शियम-८७ हा स्ट्रॉन्शियमचा एक प्रकार (समस्थानिक) तयार होतो, त्यामुळे रुबिडियम असलेला खडक जितका जुना, तितकं त्यात स्ट्रॉन्शियम-८६च्या तुलनेत हे समस्थानिक जास्त. खडकातून ते मातीत, मातीतून गवतात, गवतातून शहामृगात आणि शेवटी अंड्याच्या कवचात उतरतं. लेसोथोचे डोंगर तुलनेने तरुण बेसाल्टचे. काही मण्यांची खूण मात्र फार जुन्या खडकांची निघाली. असे खडक सव्वातीनशे किलोमीटरपलीकडे आहेत. आणि हे मणी ३३ हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात.

इथे मला थोडं अडखळायला होतं. मणी दुरून आले हे पक्कं, पण ते हक्सारोनेच आले हे स्ट्रॉन्शियम सांगत नाही. आजचे जुह्वान्सी म्हणजे अश्मयुगातून जपून ठेवलेली माणसं नव्हेत. त्यांनी लोखंड पाहिलं, काचेचे मणी घेतले, गुराख्यांशी व्यवहार केले. त्यांची रीत हा एक चांगला अंदाज आहे, पुरावा नव्हे.

गंमत म्हणजे २०२१मध्ये जेनिफर मिलर आणि यिमिंग वांग यांनी आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांतले दीड हजारांहून अधिक मणी मोजले, तेव्हा ५० ते ३३ हजार वर्षांपूर्वीचे मणी तीन हजार किलोमीटरच्या पट्ट्यात जवळजवळ एकसारखे दिसले. त्यानंतर हा धागा तुटला. हवामान बदललं, या दोन भागांच्या मधल्या झांबेझी नदीच्या खोऱ्यात पूर वाढले आणि दोन प्रदेश एकमेकांना दुरावले, असं त्यांचं म्हणणं.

शहामृगाच्या कवचाचे मणी आपल्याकडेही सापडले आहेत, जळगाव जिल्ह्यात पाटण्याला, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे. ते आफ्रिकेतून कुणी आणले असतील असं वाटेल, पण तशी गरज नव्हती. भारतातल्या जुन्या कवचांतून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनए मिळवला, तो शहामृगाचाच निघाला. पक्षी त्या काळी इथेच हिंडत होता.