लांडगे आले म्हणून विलो वाढले?

१९९५मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे पुन्हा सोडले, एल्क हरणांना जरब बसली आणि ओढ्याकाठची विलोची झुडपं पूर्ववत झाली, ही कथा वर्षानुवर्षं फिरते आहे. ती अर्धवट आहे. काही ठिकाणी विलो वाढले, हे खरंच. पण विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचे भाऊबंद. मुळाशी ओल हवीच. लांडग्यांविना माजलेल्या एल्कांनी विलो ओरबाडले, तसे विलोच्या फांद्या खाऊन त्यांचेच ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर हे कुरतडणारे प्राणीही गेले. त्यांचे बांध मोडले, ओढ्यांचे तळ खोल कापले गेले, भूजल खाली गेलं. २००१पासून संशोधकांनी तिथे काही ओढ्यांवर बांध घातले, काही झुडपांना कुंपण केलं. नुसत्या कुंपणाने फारसं साधलं नाही. पाणी वर आलं आणि चरणंही थांबलं, तिथेच विलो झपाट्याने उंच झाले. लांडगे हवेतच, पण खचलेला ओढा ते भरून काढू शकत नाहीत.